मांजरीची द्राक्षं आणि लंडनचं कोर्ट

उठा. फेब्रुवारी 1992, पहाटेचे पाच. दारात टेम्पो उभा आहे आणि ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न मारलाय. पुण्याजवळच्या मांजरीच्या हवेत बोचरा गारवा आहे. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र इथं यायला अजून पाच वर्षं आहेत. नजर जाईल तिथवर बागाच बागा.

वाका, मांडव खाली आहे. पानांवरचं दव मानेवरून पाठीत उतरतं आणि तुम्ही शहारता. ओल्या मातीचा आणि पिकल्या साखरेचा वास नाकात बसलाय. तुमच्या हातात कात्री येते, तुम्ही पहिला घड कापता आणि लगेच पलीकडच्या ओळीतून मावशींचा आवाज येतो, "अहो, देठाला धरा, देठाला! मण्याला बोट लागलं की झाक जाते." बघा, खरंच मण्यावर तुमचा अंगठा उमटलाय. दुधट झाकीवर हिरवा डाग. तो घड आता परदेशी जायचा नाही, हडपसरच्या बाजारात जाईल.

ऊन चढायच्या आत तोडणी उरकायची. मग पॅकहाऊस. तिथं पन्नास बायका आणि पन्नास कात्र्या, कचकच नुसती. फुटका मणी काढ, बारका काढ, घड वजनात बसव. पेटीत वरून गंधकाच्या वायूचा कागद ठेवतात. तो उघडला की अख्खी काडेपेटी एकदम ओढल्यासारखा नाकात झणका. खोका, सगळेच खोकतात. मग शीतगृह. घामेजल्या अंगानं आत शिरलात की दात वाजतात. पेट्या थंड होतात, कंटेनरमध्ये चढतात, दाराला सील लागतं. आत शून्य अंश, आणि ते तसंच तीनेक आठवडे राहायला हवं, थेट रॉटरडॅमपर्यंत.

चला, ड्रायव्हरशेजारी बसा. एक्सप्रेस वे नाही, तेव्हा खंडाळ्याचा घाट रांगेतून उतरायचा. जळक्या ब्रेकचा वास, पुढच्या ट्रकच्या मागे लाल दिवा, मागे तुमच्या कंटेनरच्या यंत्राची घरघर. ती थांबली तर? रात्रभर तुम्ही तेवढाच आवाज ऐकत बसता. पहाटे न्हावा शेवा. हवा चिकट, डिझेलनं जड. क्रेन तुमचा कंटेनर उचलते. वर्षभराची छाटणी, फवारणी, सोसायटीचं कर्ज, सगळं एका दोरावर हवेत.

कागद घ्यायला मात्र मुंबईत जावं लागतं. मोरा बंदरातून लाँच पकडा. भाऊच्या धक्क्यावर उतरताच सुक्या बोंबलांचा वास, टोपल्या, ढकलाढकली, "बाजू, बाजू!" तिथून बॅलार्ड इस्टेट. जहाज कंपनीच्या एजंटाच्या खिडकीपुढं गर्दी, टाइपरायटरचा खडखडाट, आत टेलेक्सची टकटक. कारकून तुमच्याकडं बिल ऑफ लेडिंगचे, म्हणजे जहाजानं माल घेतल्याच्या पावतीचे, कागद सरकवतो. "तीन ओरिजिनल आहेत, मोजून घ्या. सांभाळा, हाच तुमचा माल."

कागद उलटा. हो, उलटाच. मागे मुंगीएवढ्या करड्या अक्षरांत दाट मजकूर आहे. "मागचं कुणी वाचत नाही हो," कारकून म्हणतो. तुम्ही खिडकीच्या उजेडात धरून वाचा. बोट खाली खाली न्या. सापडलं? या करारातून काही वाद निघाला तर तो इंग्लंडच्या कायद्यानं, लंडनच्याच कोर्टात चालेल. तुम्ही यावर सही केलेली नाही. सही एजंटाची आहे. तरीही ते कलम तुम्हाला बांधतं. दोनच वर्षांपूर्वी, 1990 मध्ये, आफ्रिकेतून कोचीनला आलेल्या काजूच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं तेच सांगितलंय: बिलावर इंग्लंडचं कोर्ट लिहिलंय, तर कोचीनच्या कोर्टात दावा चालणार नाही. ज्याच्या हाती बिल, त्याला अटीही लागू. मला हे फार जाचक वाटतं. मांजरीच्या बागायतदारानं लंडनचा वकील कुठून आणायचा, कशाच्या जोरावर?

पण याच महिन्यात, 26 तारखेला, दिल्लीत त्याच न्यायालयाचा एक निकाल लागतो. एम. व्ही. एलिझाबेथ नावाचं परदेशी जहाज 1984 मध्ये आपल्या शेजारच्या गोव्यातून, मार्मागोव्याहून, रास अल खैमाला निघालं. ग्राहकानं पैसे दिले नव्हते आणि माल देऊ नका असं तो पाठवणाऱ्या गोव्याच्या कंपनीनं कळवलं होतं, तरी माल सोडला गेला. मग ते जहाज विशाखापट्टणमला आलं आणि तिथं कोर्टाच्या हुकमानं अडकलं. मालक म्हणाले, तुमच्या कोर्टाला अधिकारच नाही. 1861 चा जुना इंग्रजी कायदा बंदरात आलेल्या मालापुरता आहे, बाहेर गेलेल्या मालाला नाही. न्या. थॉमन आणि न्या. सहाय यांनी ते मानलं नाही. माल आत येवो की बाहेर जावो, जहाज भारताच्या पाण्यात सापडलं तर इथलं उच्च न्यायालय त्याला हात घालू शकतं. हे सारं 2017 च्या अ‍ॅडमिरल्टी कायद्यात लिहून यायला अजून पाव शतक आहे. बाहेर जाणाऱ्या मालाला! म्हणजे तुमच्या द्राक्षांना.

मार्चअखेर फॅक्स येतो. पेट्या उघडल्या, मणी मऊ, देठ काळे. कंटेनरमधला तापमानाचा गोल कागदी आलेख पाठवलाय. त्यावर सुई एका जागी वर उडालीय आणि दोन दिवस तिथंच राहिलीय. घाई करा, दाव्याला मुदत एकच वर्षाची आहे.

आता जून, मुंबईत पाऊस. उच्च न्यायालयाच्या काळ्या दगडी जिन्यावर ओल्या छत्र्या, ओले कोट, कबुतरं. तुमच्या दाव्यात प्रतिवादी कोण ते बघा: कंपनीच्या आधी जहाजाचं नाव लिहिलंय. वादी माणूस, प्रतिवादी जहाज. तेच जहाज आज पुन्हा बंदरात आलंय, म्हणून धावपळ. न्यायमूर्ती कागद वाचतात, अटकेचा हुकूम होतो.

शेरीफच्या बेलिफाबरोबर लाँचमध्ये चढा. पाऊस तोंडावर मारतोय, लाँच हेलकावते, पोटात कालवतं. शिडी चढा, कठडा घट्ट धरा. वर गंज आणि रंगाचा वास, पायाखाली लोखंड थरथरतंय. बेलिफ प्लास्टिकच्या पिशवीतून वॉरंट काढतो आणि डोलकाठीला लावतो. कप्तान वाचतो, पुन्हा वाचतो, आणि वायरलेसकडं धावतो. उभ्या जहाजाचा एकेक दिवस मालकाला महाग पडतो.

लंडनचं कलम काही पुसलं गेलेलं नाही. मालकाचे वकील ते उद्याच पुढं करतील, आणि कदाचित त्यांचं ऐकलंही जाईल. पण जहाज सोडवायला आधी त्यांना तुमच्या दाव्याएवढी बँक गॅरंटी मुंबईच्या कोर्टात ठेवावी लागेल. तोवर नांगर उचलायचा नाही.