शेतजमिनीतील पशुप्रतिजैविकांची पाहणी (नाशिक जिल्हा)

कोंबड्यांना व जनावरांना दिलेली प्रतिजैविके खतावाटे शेतात किती येतात, तेथे किती टिकतात आणि औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंना किती वाव देतात, हे ठरावीक काळाने मोजत राहणे म्हणजे ही पाहणी. नाशिक जिल्ह्यात तिचा मुख्य संबंध कोंबडखताशी येतो. ब्रॉयलरच्या शेडमधून तुसासकट निघालेले खत द्राक्षबागांच्या बोदांत आणि भाजीपाल्याच्या रानात पडते. ऑक्सिटेट्रासायक्लिन, एन्रोफ्लॉक्सॅसिन यांसारख्या औषधांचा बराच भाग विष्ठेतून सक्रिय रूपातच बाहेर आलेला असतो. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेच्या १२ निकषांत मात्र प्रतिजैविके नाहीत. निर्यातीच्या द्राक्षांवर बारीक नजर असते, आणि २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अवशेषांवरून युरोपात माल अडकल्यापासून तर अधिकच. पण निर्दोष ठरलेला घड त्याच्या मुळाखालच्या मातीबद्दल काहीच सांगत नाही.

मातीतला औषधाचा अंशही एकट्याने फारसे सांगत नाही, आणि नाशिकच्या काळ्या जमिनीत तर तो फसवाच ठरू शकतो. बेसाल्टपासून झालेल्या या मातीतील स्मेक्टाइट खनिजे टेट्रासायक्लिन इतके घट्ट धरतात की प्रयोगशाळेत ते पुरते सुटून येत नाही. आकडा लहान आला म्हणून आवक लहान, असे म्हणता येत नाही. सल्फा औषधे याउलट पाण्याबरोबर खाली झिरपतात, म्हणून विहिरीचे पाणीही तपासावे लागते. जखडलेले औषध निरुपद्रवी, असा युक्तिवाद होतो व तो अर्धा खरा आहे. मात्र प्रतिरोधी जिवाणू खताबरोबर तयारच येतात आणि औषध जखडले म्हणून त्यांची जनुके जागीच थांबत नाहीत. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०१७ मध्ये उत्तरेतील ४ राज्यांच्या १२ कुक्कुटशाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात विष्ठेबरोबर आसपासच्या शेतांची मातीही घेतली होती ती याचसाठी. खत कुजवले की सारे नष्ट होते, हाही समज सरसकट खरा नाही: टेट्रासायक्लिन बरेच घटते, फ्लुओरोक्विनोलोन वर्गातील औषधे चिवट राहतात. तेव्हा पहिला नमुना शेतातला नव्हे, खताच्या ढिगातला हवा, कुजवण्यापूर्वी एक व नंतर एक.

प्रतिरोध निसर्गातच असतो, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. युकॉनमधील सुमारे ३०,००० वर्षे गोठलेल्या गाळात अशी जनुके सापडल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे नाशिकच्या रानात जनुक ‘सापडले’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही. त्याच मातीच्या, कधी खत न पडलेल्या गायरानाशी तुलना हवी. मालेगाव, सटाणा, देवळा भागातील डाळिंबबागांत गुंता आणखी वाढतो. तेल्या रोगावर तेथे स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिनचे मिश्रण फवारले जात असे. केंद्राने २०२१ च्या आदेशाने १ जानेवारी २०२४ पासून त्याचा शेतीतील वापर पूर्ण बंद केला. अशा बागेत टेट्रासायक्लिन आढळल्यास दोष कोंबडखताला द्यायचा की जुन्या फवारणीला, हे त्या एका औषधावरून कळणार नाही. केवळ पशुवैद्यकात वापरले जाणारे टायलोसिन सोबत मोजले, तर खताचा वाटा वेगळा काढण्यास आधार मिळतो. खर्चाची तक्रार रास्त आहे, पण प्रत्येक गटाची माती तपासा असे कोणी म्हणत नाही. द्राक्षांतील कीडनाशकांचे अवशेष मोजणाऱ्या प्रयोगशाळांकडे लागणारी उपकरणे आहेतच. निफाड-दिंडोरीत निवडक बागा कायमच्या ठरवून दरवर्षी खत टाकण्याआधी, टाकल्यावर आणि पावसाळ्यानंतर नमुने घेतले, तरी आज हाती नसलेली तुलना सुरू होईल.