प्रवेगदोष, मोटारगाडीतील : निदानाचा इतिहास

वेगवर्धक दाबला असता गाडीचा वेग तत्काळ न वाढता एंजिन क्षणभर अडखळणे, गाडीला झटके बसणे किंवा चढावर व भाराखाली तिची शक्ती अपुरी पडणे, या लक्षणसमूहास प्रवेगदोष म्हणता येईल. बोलभाषेत याला ‘गाडी पिकअप घेत नाही’ असे म्हणतात. हा स्वतंत्र असा एक बिघाड नसून इंधन, हवा, ठिणगी, संपीडन व शक्तिप्रेषण यांपैकी कोणत्याही घटकातील उणिवेचे ते बाह्य लक्षण होय. त्यामुळे त्याच्या निदानाचा इतिहास हा बऱ्याच अंशी एंजिनाचे कार्य समजून घेण्याचा इतिहास ठरतो. विदर्भातील भंडारा जिल्ह्याच्या वाहतुकीच्या संदर्भात या इतिहासाचे टप्पे स्पष्टपणे मांडता येतात.

प्रादेशिक पार्श्वभूमी : भंडारा शहर वैनगंगेच्या काठी, नागपूरच्या पूर्वेस सु. ६० किमी. अंतरावर वसले आहे. ब्रिटिश अमदानीत ग्रेट ईस्टर्न रोड या नावाने ओळखला जाणारा नागपूर–रायपूर मार्ग भंडारा, लाखनी, साकोली व देवरी या गावांवरून जातो. यांपैकी देवरी १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात आहे. हा मार्ग पुढे राष्ट्रीय महामार्ग क्र. ६ चा भाग झाला व २०१० मधील फेरक्रमांकनानंतर त्यास क्र. ५३ मिळाला. मुंबई–हावडा लोहमार्गावरील भंडारा रोड हे स्थानक शहरात नसून वरठी येथे आहे. साहजिकच तांदूळ, विडीउद्योगाचा माल व वनोत्पादने यांच्या वाहतुकीत तसेच प्रवासात रस्त्यास प्रथमपासूनच महत्त्व आले. अशा प्रदेशात गाडी अर्ध्या शक्तीने चालणे याचा अर्थ बाजाराचा दिवस चुकणे किंवा रुग्ण वेळेवर न पोहोचणे असा होई.

कार्ब्युरेटरचा काळ : कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये मोटारगाडीचे एकस्व घेतले, तथापि पेट्रोलाचा फवारा हवेत मिसळणारा कार्ब्युरेटर १८९३ च्या सुमारास व्हिल्हेल्म मायबाख यांनी जर्मनीत, तर डोनाट बांकी व यानोश चोंका यांनी हंगेरीत पुढे आणला. नळीच्या अरुंद भागातून हवा वेगाने गेली की तेथील दाब कमी होतो व शेजारच्या छिद्रातून पेट्रोल ओढले जाते, हे त्याचे तत्त्व. जे. बी. व्हेंतूरी या इटालियन शास्त्रज्ञांनी द्रवांच्या प्रवाहासंबंधी ते अठराव्या शतकाच्या अखेरीस विशद केले होते.

प्रवेगदोषाचे मूळ या तत्त्वातच आहे. वेगवर्धक एकदम दाबला की हवा हलकी असल्याने तत्काळ धावते. पेट्रोल जड असल्याने मागे राहते. शिवाय नलिकेतील दाब वाढल्यामुळे त्याचा काही अंश तिच्या भिंतींवर चिकटून राहतो. परिणामी नेमक्या गरजेच्या क्षणी सिलिंडरात विरळ मिश्रण पोहोचते व एंजिन अडखळते. यावर उपाय म्हणून सोलेक्ससारख्या कार्ब्युरेटरांत वेगवर्धकासरशी पेट्रोलाची पिचकारी सोडणारा छोटा पंप बसविण्यात आला. एस. यू. जातीच्या कार्ब्युरेटरात हेच कार्य तेलाने मंदावलेल्या सरकत्या दट्ट्याने साधले जाई. हे तेल आटले की गाडी अडखळू लागे. चमचाभर तेलाने बरा होणारा हा दोष ठाऊक नसल्यास पूर्ण एंजिन खोलण्याचा अनाठायी खर्च होत असे.

युद्धकालीन कोळसा-गॅस : दुसऱ्या महायुद्धात भारतात १९४१ मध्ये पेट्रोलाचे नियंत्रित वाटप सुरू झाले व १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्याने तेथील तेलाचा पुरवठा तुटला. या काळात देशातील अनेक बसगाड्या व मालमोटारी लोणारी कोळशापासून मिळणाऱ्या उत्पादक वायूवर चालविण्यात आल्या. मध्य प्रांतासारख्या वनयुक्त प्रदेशात या इंधनाची वाण नव्हती. गाडीच्या मागे किंवा बाजूस बसविलेल्या उंच भट्टीत कोळसा मर्यादित हवेत जाळला जाई. त्यातून कार्बन मोनॉक्साइड व थोडा हायड्रोजन हे ज्वलनशील वायू मिळत. पण निम्म्याहून अधिक भाग निष्क्रिय नायट्रोजनाचा असे.

त्यामुळे पेट्रोलासाठी बांधलेल्या एंजिनाची शक्ती या वायूवर सु. एकतृतीयांश ते निम्म्याने घटे. येथे शक्तिहीनता हा बिघाड नसून इंधनाचा स्वभावच होता; आणि नैसर्गिक उणीव कोणती व दुरुस्त होणारा दोष कोणता, हा भेद चालकांना व यांत्रिकांना करावा लागला. वायू सावकाश जळतो म्हणून ठिणगीची वेळ अलीकडे आणणे, राखेने व काजळीने तुंबलेल्या गाळण्या वेळोवेळी साफ करणे, सांधे हवाबंद ठेवणे आणि जपून ठेवलेले पेट्रोल चढावर वापरणे हे त्यावरील उपाय होते. भट्टीची गळती शक्ती घटविणारी तशीच प्राणघातकही होती. कारण कार्बन मोनॉक्साइड वर्णहीन व गंधहीन असून विषारी आहे. युद्धानंतर पेट्रोल मिळू लागताच ही पद्धती मागे पडली.

डीझेल व सार्वजनिक वाहतूक : विदर्भाचे जिल्हे १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आले व तेथील सरकारी बससेवा पुढे महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात समाविष्ट झाली. बस व मालमोटारींत डीझेल एंजिन रूढ झाल्यावर निदानाची भाषा बदलली. या एंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधनाचे अंतःक्षेपण होते. म्हणून यांत्रिक प्रथम धूर पाहू लागले. काळा धूर हवेची टंचाई किंवा इंधनाचा अतिरेक दर्शवितो, निळसर धूर वंगण तेल जळत असल्याचे सुचवितो, तर धुराशिवाय शक्ती घटल्यास इंधन-गाळणी तुंबल्याचा अथवा नळीत हवा शिरल्याचा संशय घेतला जातो.

स्थानिक निदानपद्धती : अँबॅसिडर व फियाट, म्हणजेच पुढे प्रीमिअर पद्मिनी, या गाड्यांच्या काळात दोषनिदान मुख्यतः रस्त्याकडेच्या मिस्त्रीच्या हाती होते. प्लगच्या टोकाचा रंग, स्पर्शबिंदूंमधील फट, बंद पाडलेल्या एकेका सिलिंडराने एंजिनाच्या आवाजात पडणारा फरक आणि पेट्रोलातील कचरा यांवरून तो अनुमान बांधी. प्लग काळा व काजळलेला असल्यास मिश्रण दाट, पांढुरका असल्यास विरळ, हा त्याचा ठोकताळा बहुतांशी शास्त्रशुद्ध होता. विदर्भाच्या उन्हाळ्यात नळीतच पेट्रोलाची वाफ होऊन पुरवठा खुंटत असे. तेव्हा पेट्रोलपंपावर ओले फडके गुंडाळले जाई. पावसाळ्यात ओलाव्यामुळे वितरकाच्या टोपणातून ठिणगी निसटे. पेट्रोलात रॉकेलची भेसळ असल्यास एंजिनात ठोका येऊन शक्ती घटे. हा दोष गाडीचा नसून इंधनाचा असल्याने कितीही सुटे भाग बदलले तरी तो जात नसे.

शक्तिप्रेषणाकडे मात्र पुष्कळदा दुर्लक्ष होई. एंजिनाचा आवाज चढतो पण गाडी त्या मानाने वेग घेत नाही, तेव्हा दोष एंजिनात नसून घसरणाऱ्या क्लचमध्ये असतो. ब्रेक चिकटून राहिल्यासही गाडी जड वाटते. भंडारा जिल्ह्यातील गडेगाव येथे अशोक लेलँड कंपनीचा कारखाना १९८२ मध्ये सुरू झाला व तेथे व्यापारी वाहनांच्या दंतचक्रपेट्या तयार होऊ लागल्या. एंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेणाऱ्या या भागाच्या निर्मितीमुळे, मोटारगाड्यांचा केवळ वापर करणाऱ्या या जिल्ह्याचे नाव वाहननिर्मितीशी जोडले गेले.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रण : इलेक्ट्रॉनिक इंधन अंतःक्षेपणाची बॉश कंपनीची पद्धती १९६७ मध्ये जर्मनीत वापरात आली व १९७६ मध्ये उत्सर्जित वायूंतील ऑक्सिजन मोजणाऱ्या संवेदकाची तीत भर पडली. भारतात २००० नंतरच्या उत्सर्जन-मानकांमुळे मोटारगाड्यांतून कार्ब्युरेटर हद्दपार झाला व १ एप्रिल २०२० पासून भारत टप्पा–६ मानके देशभर लागू झाली. आता हवेचे मान, वेगवर्धकाची स्थिती, तापमान व ऑक्सिजन यांचे संवेदक नियंत्रकास माहिती पुरवितात आणि दोष आढळल्यास त्याची सांकेतिक नोंद होते. काही दोषांत नियंत्रक हेतुपुरस्सर शक्ती मर्यादित ठेवतो, जेणेकरून एंजिनास इजा न होता गाडी दुरुस्तीस नेता यावी. युद्धकालीन वायूप्रमाणे येथेही शक्तिहीनता हा मूळ दोष नसून परिणाम असतो.

तथापि सांकेतिक नोंद लक्षण सांगते, कारण नव्हे. मिश्रण विरळ असल्याची नोंद झाल्यास ऑक्सिजन-संवेदक निर्दोष असूनही बदलला जातो. प्रत्यक्षात फाटलेली हवानलिका, मंदावलेला पेट्रोलपंप किंवा तुंबलेला अंतःक्षेपक यांपैकी काहीही कारण असू शकते. पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आल्याने टाकीतील ओलाव्याचा प्रश्नही महत्त्वाचा झाला आहे; पाणी ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यास इथेनॉल व पाणी पेट्रोलापासून विलग होऊन तळाशी साचतात.

निदानाचा क्रम : दोष गाडी थंड असताना येतो की तापल्यावर, केवळ वेगवर्धक एकदम दाबताना येतो की सतत भाराखाली, याची नोंद करणे ही पहिली पायरी होय. त्यानंतर हवा-गाळणी, इंधनाची शुद्धता व दाब, ठिणगी, संपीडन आणि शेवटी क्लच व ब्रेक असा सोप्याकडून अवघडाकडे जाणारा क्रम सर्व कालखंडांत मान्य झालेला आहे. सतत भाराखाली शक्ती घटणे हे बहुधा इंधनपुरवठा अपुरा असल्याचे, तर केवळ क्षणिक अडखळ हे मिश्रण बदलताना होणाऱ्या चुकीचे लक्षण असते. अवजड मालमोटारींची वर्दळ असलेल्या महामार्गावर समोरून वाहन येत असता दुसऱ्या वाहनास ओलांडताना गाडी अडखळल्यास जीव धोक्यात येतो. म्हणून अडखळ अधूनमधून येत असली तरी तीकडे किरकोळ तक्रार म्हणून दुर्लक्ष करणे योग्य नव्हे. साधने बदलली, तरी मोजमापापूर्वी भाग न बदलण्याचा नियम कार्ब्युरेटरच्या काळाइतकाच आजही लागू आहे.