ओहमची पत्रिका कोणी मांडली?

चांगला हेडफोन घरात आला की पाठोपाठ प्रश्न येतो: याला अँप कुठला लावू? बेस भरीव हवा आणि वाद्यंही आपापल्या जागी ऐकू यायला हवीत. माझं आयुष्य अँप उघडण्यात आणि दुरुस्त करण्यात गेलं, म्हणून हा प्रश्न अधूनमधून माझ्या टेबलापर्यंत येतो. मी आधी हेडफोनचे ओहम, म्हणजे तो विजेला करतो तो अडथळा, विचारतो. गिऱ्हाइकाला वाटतं, पत्रिका बघायला बसलो. पण तो आकडा कुणा डिझायनरच्या लहरीने पडलेला नाही. ज्या काळी जे यंत्र समोर होतं, त्या यंत्राने तो ठरवला.

सुरुवातीला अँप नव्हताच. अमेरिकेतल्या युटा राज्यात नॅथॅनिएल बाल्डविन नावाचा माणूस १९१०च्या सुमारास स्वयंपाकघरात हेडफोन बनवत होता. अमेरिकी नौदलाने ते तपासले आणि मागणी नोंदवली, तर एका वेळी दहापेक्षा जास्त देणं त्याला जमेना. त्याचा माल खपला तो संवेदनशीलतेवर. त्या काळच्या क्रिस्टल रेडिओ सेटला ना बॅटरी ना व्हॉल्व्ह, एरियलने पकडलेल्या लहरींत जेवढी ताकद तेवढ्यावर आवाज काढायचा. म्हणून बारीक तारेचे हजारो वेढे घ्यायचे आणि ओहम हजारांत न्यायचे. २३ जुलै १९२७ला मुंबईचं नभोवाणी केंद्र सुरू झालं, तेव्हा क्रिस्टल सेटवाल्यांनी ते ऐकलं ते असेच हेडफोन कानाला लावून.

१९३७मध्ये बर्लिनच्या ऑयगेन बायर यांनी डीटी ४८ काढला. स्पीकरसारखी हलती कॉइल त्यांनी कानाच्या आकारात आणली. तरी घरात बसून संगीत ऐकण्यासाठी हेडफोन ही कल्पना रुजायला १९५८ उजाडलं. त्या वर्षी मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी एसपी/३ हा स्टीरिओ हेडफोन दाखवला. पण तो लावायचा कुठे? बहुतेक अँपना हेडफोनचं सॉकेटच नव्हतं. स्पीकरच्या तारांवर छोटी डबी जोडून काम भागवावं लागे.

पुढे अँपवाल्यांनी सॉकेट दिलं, पण काटकसरीने. सत्तरच्या दशकातला एखादा स्टीरिओ अँप उघडा आणि सॉकेटच्या मागे पाहा. स्पीकरच्या आउटपुटवरून दोन तारा येतात, प्रत्येकीत एक रेझिस्टर, बहुधा नारिंगी-नारिंगी-तपकिरी पट्ट्यांचा, म्हणजे ३३० ओहमचा. एवढंच. स्पीकर हलवणारी ताकद थेट कानावर पडू नये म्हणून घातलेला तो बांध. हेडफोनसाठी वेगळं सर्किट बनवायचा खर्च कोणी केला नाही. पुढे १९९६च्या आंतरराष्ट्रीय आयईसी मानकानेही आउटपुटसाठी १२० ओहम धरले.

त्या काळी हे खपून गेलं, कारण हेडफोनही तसेच होते. १९६८चा सेनहायझर एचडी ४१४, तो पिवळ्या स्पंजचा, पहिला ओपन हेडफोन, २००० ओहमचा होता. व्हिएन्नाच्या एकेजीचे स्टुडिओतले हेडफोन ६०० ओहमचे. एकाच लाइनवर चार-पाच लावले तरी ती दबत नसे. एवढ्या मोठ्या आकड्यापुढे सॉकेटमागचे ३३० फारसे जाणवत नसत.

घोळ १९७९नंतर झाला. सोनीचा वॉकमन दोन पेन्सिल सेलवर चाले, म्हणजे सगळे मिळून ३ व्होल्ट. तेवढ्यावर ६०० ओहमचा हेडफोन वाजला तरी कुजबुजल्यासारखा वाजेल. म्हणून ओहम दोन आकड्यांवर उतरले. आता बाजारात जुन्या-नव्या पिढ्या शेजारी बसल्या आहेत. बायरडायनॅमिकचा डीटी ८८० तर ३२, २५० आणि ६०० अशा तिन्ही ओहमांत विकला गेला.

बेसचं भांडण इथेच आहे. ३०० ओहमचा सेनहायझर एचडी ६०० घ्या. त्याचा इम्पीडन्स, म्हणजे हाच ओहमांतला अडथळा, सगळ्या सुरांवर ३०० नसतो. १०० हर्ट्‌झच्या आसपास तो ५००च्या घरात चढतो. सॉकेटमागे १२० ओहम असतील तर तिथे व्होल्टेजचा जास्त वाटा हेडफोनला मिळतो आणि बेस सुमारे १ डेसिबलने वाढतो. ऐकायला ते गोड लागतं. आता त्याच सॉकेटला ३२ ओहमचा हेडफोन लावा. तो खालच्या पट्टीत ८० ओहमपर्यंत चढत असेल, तर वाढ साडेपाच डेसिबलची होते. डग्ग्याची मींड हरवते, उरते फक्त घुमघुम. प्लॅनर, म्हणजे सपाट पातळ पडद्याच्या, हेडफोनचा इम्पीडन्स जवळपास सपाट, त्यामुळे त्याला हा रोग नाही. त्याचं दुखणं भुकेचं. हायफायमनच्या एचई-६ची संवेदनशीलता मिलिवॅटला ८३.५ डेसिबल. ११० डेसिबलची उसळी हवी तर साधारण ४५० मिलिवॅट लागतात. एचडी ६००ला तेवढ्याच उसळीला सत्तरच्या आत पुरतात.

इमेजिंगची, म्हणजे वाद्यांच्या जागांची, गोष्ट वेगळी आहे, आणि इथे दुकानदार अँप बदला असं सांगून गिऱ्हाइकाला हमखास गुंडाळतो. स्पीकरवर ऐकताना डाव्या बाजूचा आवाज किंचित उशिराने, मऊ होऊन उजव्या कानातही जातो. हेडफोनमध्ये तो जात नाही, म्हणून गायक डोक्याच्या आत बसून गातो असं वाटतं. बेंजामिन बाउअर यांनी १९६१मध्ये आणि सीगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७१मध्ये यावर सर्किट मांडलं: एका चॅनलचा थोडा अंश, थोडा उशीर लावून, दुसऱ्यात मिसळायचा. १९९२मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या हेडरूम कंपनीने ते आपल्या हेडफोन अँपमध्ये बसवलं. एकेजीने १९८९च्या के१०००मध्ये दुसरी वाट धरली. कप काढून टाकले आणि ड्रायव्हर कानापासून दूर, दारासारखे उघडणारे ठेवले. आवाज समोर गेला, पण संवेदनशीलता इतकी कमी की तो स्पीकरच्या अँपलाच जोडावा लागे.

काहींनी जोडी जुळवायचा प्रश्नच ठेवला नाही. जपानच्या स्टॅक्सच्या इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनना शेकडो व्होल्टचा कायमचा दाब (बायस) लागतो, म्हणून ते स्टॅक्स पद्धतीच्या खास अँपवरच चालतात. सेनहायझरने १९९१मध्ये ऑर्फियस काढला तोही व्हॉल्व्ह अँपसकट, ३०० संच.

ज्याला जोडी स्वतः जुळवायची आहे, त्याने एक मल्टीमीटर घ्यावा. हेडफोन काढून ठेवून अँपवर १०० हर्ट्‌झचा सूर हळू आवाजात लावावा, सॉकेटवरचं एसी व्होल्टेज मोजावं, मग ३३ ओहमचा रेझिस्टर त्याच दोन टोकांना जोडून पुन्हा मोजावं. आकडा निम्मा झाला तर आतला अडथळाही ३३ ओहमचा समजा. जेमतेम हलला तर अँप बरा. हेडफोनच्या ओहमचा आठवा हिस्सा किंवा त्याहून कमी अडथळा असावा, आणि पुरेसं व्होल्टेज मिळावं. एवढं जमलं की बेसपुरतं अँपचं काम झालं. वाद्यांच्या जागांसाठी मात्र अँप बदलत बसू नका. ते पैसे चांगल्या हेडफोनवर आणि चांगल्या रेकॉर्डिंगवर खर्च करा.