सेनापती नसलेला सेनानी : हेल्मुट फॉन मोल्टके

प्रशासनविषयक लेखांत एका प्रशियन सैनिकाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. सचिवालयात बसून टिपणी लिहिणारा अधिकारी आणि जिल्ह्यात उभा राहून निर्णय घेणारा अधिकारी यांचे नाते कसे असावे, हा आपल्या व्यवस्थेचा जुना प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकात त्याला सर्वांत प्रभावी उत्तर दिले ते मोल्टकेने. त्या उत्तराची थोरवी आणि त्याची किंमत, दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत.

मोल्टकेचा जन्म २६ ऑक्टोबर १८०० रोजी मेक्लेनबुर्गमधील पार्खिम येथे झाला. घराणे सरदारी, पण घरात पैसा नव्हता. वडील डेन्मार्कच्या राजाच्या सेवेत गेले आणि मुलाचे शिक्षण कोपनहेगनच्या सैनिकी शाळेत झाले. १८१९ मध्ये तो डॅनिश सैन्यात अधिकारी झाला. परंतु तेथे फारसा वाव नाही हे ओळखून १८२२ मध्ये त्याने प्रशियाची नोकरी पत्करली. पगार तुटपुंजा होता. घोडा घेण्यापुरते पैसे मिळावेत म्हणून त्याने गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचे जर्मन भाषांतर करायला घेतले.

१८३५ मध्ये तो तुर्कस्तानात गेला आणि सुलतानाच्या सैन्याचा सल्लागार म्हणून तेथेच राहिला. त्याने इस्तंबूल व बॉस्फरसचे नकाशे तयार केले. जून १८३९ मध्ये निझिब येथे इजिप्तच्या फौजेशी गाठ पडण्यापूर्वी त्याने हाफिज पाशाला मागे सरून बिरेजिकच्या भक्कम ठाण्याचा आश्रय घेण्याचा सल्ला दिला. पाशाने तो मानला नाही आणि २४ जूनला तुर्की सैन्याची दाणादाण उडाली. सल्लागाराला जबाबदारी असते, पण अधिकार नसतो, हा धडा त्याला तेथे मिळाला.

परतल्यावर त्याचे लक्ष रेल्वेकडे वळले. त्याने बर्लिन-हांबुर्ग रेल्वेत स्वतःची पुंजी गुंतवली, तिच्या संचालक मंडळावर काम केले आणि १८४३ मध्ये रेल्वेमार्गांच्या आखणीवर निबंध लिहिला. १८५७ मध्ये त्याच्याकडे प्रशियाच्या जनरल स्टाफचे प्रमुखपद आले. तोवर त्याने एकाही रेजिमेंटचे नेतृत्व केलेले नव्हते. हे पदही तेव्हा फारसे वजनदार नव्हते. युद्धमंत्र्याच्या छायेतील एक अभ्यासू कार्यालय, एवढीच त्याची ओळख होती. मोल्टके त्या पदावर १८८८ पर्यंत राहिला.

२ जून १८६६ च्या राजाज्ञेने स्टाफप्रमुखाला सैन्याला थेट आदेश पाठवण्याचा अधिकार मिळाला. त्याच महिन्यात ऑस्ट्रियाशी युद्ध सुरू झाले. मोल्टकेने पाच रेल्वेमार्गांनी सैन्य सीमेवर नेले, तीन फौजा वेगवेगळ्या वाटांनी पुढे सरकवल्या आणि ३ जुलैला क्योनिगग्रेट्सच्या रणांगणावरच त्यांची भेट घडवली. आदल्या रात्री घोडेस्वारामार्फत निरोप मिळालेली युवराजाची फौज दुपारी येऊन पोहोचली आणि लढाईचा निकाल लागला. त्या दिवशी त्याचा आदेश हाती पडल्यावर एका डिव्हिजनच्या सेनापतीने, हे सर्व ठीक, पण हा जनरल मोल्टके कोण, असे विचारल्याची आख्यायिका आहे.

या यशामागे एक कार्यपद्धती होती. शत्रूशी पहिली गाठ पडल्यानंतर कोणतीही योजना जशीच्या तशी टिकत नाही, असे मोल्टकेचे मत होते. म्हणून वरून उद्दिष्ट सांगावे, रीत सांगू नये. आदेशात तेवढेच असावे जे कनिष्ठाला स्वतःला ठरवता येणार नाही. हे वाचताना मला माझेच एक परिपत्रक आठवते. जिल्ह्यात असताना पूरपरिस्थितीसाठी मी बारा पानांच्या सूचना काढल्या होत्या. पूर आला त्या रात्री एका तहसीलदाराचा फोन आला : खासगी नावा ताब्यात घेण्याचा उल्लेख परिपत्रकात नाही, तर काय करावे? दोष त्याचा नव्हता. बारा पाने लिहून मीच त्याला विचार करण्याची मुभा नाकारली होती.

परंतु या स्वातंत्र्यालाही मोल द्यावे लागते. १८७० मध्ये फ्रान्सविरुद्ध सुमारे अठरा दिवसांत साडेचार लाखांहून अधिक सैनिक सीमेवर पोहोचले. त्याच मोहिमेत पहिल्या फौजेचा सेनापती श्टाइनमेत्स आदेशाचा हेतू डावलून पुढे घुसला. ऑगस्टमध्ये स्पिखेरेन व ग्राव्हलोत येथे त्याने विनाकारण माणसे खर्ची घातली आणि सप्टेंबरमध्ये त्याला दूर करावे लागले. हाताखालची माणसे एका विचारात घडलेली असली तरच मोकळीक फळते. पुरवठ्याचे कोडेही मोल्टकेला पुरते सुटले नाही. दोन्ही युद्धांत अन्नाच्या गाड्या मागच्या स्थानकांत खोळंबून राहिल्या.

सर्वांत गंभीर प्रश्न पॅरिसच्या वेढ्यात उभा राहिला. युद्ध सुरू झाल्यावर मुत्सद्द्यांनी बाजूला राहावे, अशी मोल्टकेची भूमिका होती. युद्ध हे राजकारणाचेच साधन असल्याने आपल्याला सर्व कळले पाहिजे, असा बिस्मार्कचा आग्रह होता. जानेवारी १८७१ मध्ये राजाने बिस्मार्कच्या बाजूने कौल दिला. तरी १८८३ मध्ये स्टाफप्रमुखाला युद्धमंत्र्याला वगळून थेट सम्राटाला भेटण्याचा अधिकार मिळाला. संसदेला उत्तरदायी नसलेले एक तज्ज्ञांचे केंद्र राज्यात उभे राहिले.

१४ मे १८९० रोजी संसदेतील भाषणात मोल्टकेनेच इशारा दिला होता, की पुढचे युद्ध सात वर्षे किंवा तीस वर्षेही चालेल. २४ एप्रिल १८९१ रोजी त्याचे निधन झाले. १ ऑगस्ट १९१४ रोजी सम्राटाने सैन्य पश्चिमेऐवजी पूर्वेकडे वळवण्याची सूचना केली, तेव्हा त्याचा पुतण्या स्टाफप्रमुख होता. त्याने उत्तर दिले, की योजना आता बदलता येणार नाही.

येथे केवळ पुतण्याला दोष देता येत नाही. योजना टिकत नाही असे सांगणाऱ्या मोल्टकेनेच असेही लिहून ठेवले होते, की सैन्याच्या प्रारंभीच्या जमवाजमवीतील चूक संपूर्ण मोहिमेत सुधारता येणे कठीण असते. पुढच्या पिढीने पहिल्या वचनापेक्षा दुसरे अधिक जपले. त्यांना थांबवून प्रश्न विचारणारा कोणी वर नव्हता. प्रशासनात मी कार्यक्षम कार्यालये पाहिली आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण जे कार्यालय फक्त स्वतःलाच उत्तर देते, त्याच्या कार्यक्षमतेची मला अलीकडे भीती वाटू लागली आहे.