‘कॉलेज’ एक, अर्थ अनेक : लखनौतील शिक्षणसंस्थांच्या नावांचा उलगडा

लखनौ : उत्तर प्रदेशात सहावीतील विद्यार्थीही ‘कॉलेजात शिकतो’ असे सांगू शकतो आणि ते चुकीचे नसते. महाराष्ट्रात दहावीनंतर कॉलेज सुरू होते. येथे मात्र बारावीपर्यंतच्या शाळेला ‘इंटर कॉलेज’ म्हणतात. अशा बहुतेक संस्थांत सहावी ते बारावीचे वर्ग एकाच छताखाली भरतात.

या नावाचे मूळ इतिहासात आहे. कलकत्ता विद्यापीठ आयोगाने (१९१७-१९) इंटरमीजिएटचे वर्ग विद्यापीठांपासून वेगळे करण्याची शिफारस केली. त्यानंतर १९२१ च्या कायद्याने संयुक्त प्रांतात हायस्कूल व इंटरमीजिएटसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. इंटरचे वर्ग शाळांना जोडले गेले, पण ‘कॉलेज’ हे नाव टिकले. अकरावी-बारावीच्या शिक्षकाला येथे आजही ‘प्रवक्ता’ म्हणतात. ‘हायस्कूल पास’ म्हणजे दहावी, तर ‘इंटर पास’ म्हणजे बारावी उत्तीर्ण.

याच शहरात या शब्दाच्या इतर छटाही दिसतात. क्लॉड मार्टिन यांच्या मृत्युपत्रानुसार १८४५ मध्ये सुरू झालेले ला मार्टिनियर कॉलेज ही शाळा आहे. कॉल्विन तालुकदार्स कॉलेजही शाळाच. इसाबेला थोबर्न कॉलेज मात्र पदवी महाविद्यालय आहे. अवधच्या तालुकदारांच्या पुढाकाराने १८६४ मध्ये सुरू झालेले कॅनिंग कॉलेज पुढे लखनौ विद्यापीठात विलीन झाले. किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयाला २००२ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला. काही काळ त्याला कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांचे नाव होते.

मूळ लॅटिन ‘कॉलेजियम’चा अर्थ सहकाऱ्यांचा संघ असा आहे. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीशांच्या निवडमंडळालाही ‘कॉलेजियम’ म्हणतात. वर्ग किंवा पदवी यांचा निर्देश या शब्दात मुळातच नाही. विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या (१९५६) कलम २३ नुसार ‘विद्यापीठ’ हा शब्द कोणत्याही संस्थेला मनाप्रमाणे नावात वापरता येत नाही. ‘कॉलेज’ या शब्दावर त्या कलमात असे बंधन नाही.

बदलीमुळे उत्तर प्रदेशात येणाऱ्या मराठी कुटुंबांना हा फरक माहीत असणे आवश्यक आहे. वसतिगृह किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘कॉलेज’ म्हणजे बारावीपर्यंतची शाळा की पदवीची संस्था, हे न तपासल्यास चुकीच्या गटात अर्ज जाऊ शकतो. वृत्तांकनातही ‘इंटर कॉलेज’चे भाषांतर ‘महाविद्यालय’ असे केल्यास बारा-तेरा वर्षांची मुले वाचकांना पदवीचे विद्यार्थी वाटतात. तेथे ‘बारावीपर्यंतची शाळा’ हाच अचूक शब्दप्रयोग ठरतो.

संस्थेचे स्वरूप ओळखण्यासाठी नावापेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात : तेथे कोणते वर्ग चालतात आणि संस्था परीक्षा मंडळाशी संलग्न आहे की विद्यापीठाशी.