'काय केलंस तू?' या प्रश्नाचा इतिहास



इथे कुणाचं मिसकॅरेज झालं की घरून फोन येतो तो बरेचदा चौकशीच्या सुरात. "विमानप्रवास कशाला केलास? पपई खाल्लीस का? ग्रहणात बाहेर गेली होतीस?" विचारणाऱ्या मावशी-काकू मायेनेच विचारतात हो, पण ऐकणारीला आरोपच ऐकू येतो.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं मात्र नाही. बाईने काही भलतंसलतं पाहिलं, ती दचकली, की गर्भाला अपाय होतो असं युरोपातले डॉक्टरही शतकानुशतकं मानत आले. विसाव्या शतकात अमेरिकेत तर या 'काहीतरी केलंच पाहिजे' वृत्तीची गोळीच निघाली. १९३८ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स डॉड्स आणि सहकाऱ्यांनी डीईएस हे कृत्रिम इस्ट्रोजेन बनवलं. बॉस्टनच्या जॉर्ज आणि ऑलिव्ह स्मिथ दांपत्याने १९४०च्या दशकात सांगितलं, की याने गर्भ टिकतो. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात डीकमन यांनी सुमारे १६०० गरोदर बायकांवर रीतसर चाचणी घेतली आणि दाखवून दिलं, की उपयोग शून्य. तरी गोळ्या चालूच! १९७१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी योनिमार्गाच्या दुर्मिळ कर्करोगाच्या आठ तरुणींची नोंद केली. त्यातल्या सात जणींच्या आयांनी गरोदरपणी डीईएस घेतलं होतं. मग कुठे त्याच वर्षी सरकारने 'गरोदर बायकांना हे देऊ नका' असं डॉक्टरांना बजावलं.

खरं कारण तोवर दिसू लागलं होतं. १९६०च्या दशकात कॅनडात डेव्हिड कार यांनी पडलेल्या गर्भांचे क्रोमोसोम तपासले. कित्येकांत त्यांची संख्याच चुकलेली होती. पहिल्या तीन महिन्यांतली निम्म्याच्या आसपास मिसकॅरेजेस अशीच होतात. त्यात आईने काही केलेलं नसतं. नोकरी, नेहमीचा व्यायाम, विमानप्रवास यांनी निरोगी गर्भ पडत नाही. पुन्हापुन्हा घडलं तर तपासण्या जरूर कराव्यात, काही कारणांवर उपचार आहेत.

राहिलं दुःख. "लवकर गेलं ते बरं", "पुढच्या वेळी होईल" याने ते कमी होत नाही, फक्त ती बोलायची बंद होते. नवऱ्याला तर कुणी विचारतही नाही. भारतातल्या १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने मिसकॅरेजनंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली होती. कायद्याला जे कळलं ते आपल्याला का कळू नये?

माझं म्हणणं एवढंच, की पुढचा फोन आपण करू तेव्हा "वाईट झालं गं, तुझी काही चूक नाही" इतकंच म्हणू या. आणि जवळ राहत असू तर वरणभाताचा डबा पोचवू या.