तीन फायनल, एक गोल: कॅप्टन शंकर लक्ष्मण

बसमध्ये असाल, नाहीतर रानात पाणी भरत असाल, इअरफोन नीट लावा आणि पुढची पाच मिनिटं मला द्या.

आधी तीन स्कोअर सांगतो. ऑलिम्पिक हॉकीच्या तीन फायनल, तिन्ही भारत विरुद्ध पाकिस्तान. १९५६ मेलबर्न, भारत १-० ने जिंकला. १९६० रोम, पाकिस्तान १-० ने जिंकला. १९६४ टोकियो, परत भारत १-०. आता हिशेब करा. तीन फायनल मिळून भारतावर गोल किती झाले? फक्त एक! आणि तिन्ही वेळा आपल्या गोलमध्ये एकच माणूस उभा होता. शंकर लक्ष्मण. मराठा लाइट इन्फंट्रीचा फौजी.

जन्म १९३३ चा, महूचा. महू म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा बाबासाहेब आठवतात. त्यांचे वडील, सुभेदार रामजी, सैन्यात होते आणि महू हे छावणीचं गाव. तिथल्या पोरांना फौज आणि हॉकी, दोन्ही घराबाहेर पडलं की दिसायचं. शंकर १९४७ मध्ये सैन्यात भरती झाले, तेही बँडमध्ये. रेजिमेंट मात्र आपली, जिचं केंद्र बेळगावला आहे. वाद्य वाजवायला आलेला पोरगा पुढे देशाचा गोलकीपर झाला.

त्या काळचा गोलकीपर डोळ्यांसमोर आणा. पायाला पॅड, हातात स्टिक. बस! हेल्मेट नाही, छातीला गार्ड नाही. आणि समोरून येणारा बॉल दगडासारखा टणक.

मेलबर्नला भारताने पाच मॅचमध्ये ३८ गोल केले आणि एकही खाल्ला नाही. फायनलची तारीख होती ६ डिसेंबर १९५६. हो, तोच दिवस. महूत जन्मलेले बाबासाहेब ज्या दिवशी दिल्लीत गेले, त्याच दिवशी महूचाच एक पोरगा मेलबर्नमध्ये भारताचा गोल राखत होता. त्या फायनलचा एकमेव गोल रणधीर सिंग जेंटल यांचा. रेकॉर्डमध्ये नाव त्यांचं. शंकर यांच्या वाट्याला काय? शून्य. पण ते शून्यच त्यांची कमाई होती.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून मला हे लगेच कळतं. सर्व्हर वर्षभर चालू राहिला तर कोणी फोन करून शाबासकी देत नाही. दहा मिनिटं बंद पडू दे, सगळ्यांना तुमचं नाव पाठ होतं. गोलकीपरचं तसंच. आणि हॉकीच्या पंचाचंही तसंच.

रोमला नेमकं तेच झालं. १९२८ पासून भारताने सलग सहा सुवर्णपदकं जिंकली होती. पाकिस्तानच्या नसीर बुंदा यांनी एक गोल केला आणि ती साखळी तुटली. अशा हारीनंतर गोलकीपरवर किती डोळे वळले असतील, विचार करा. पण चार वर्षांनी टोकियोला गोलमध्ये परत तेच होते.

टोकियोत पृथीपाल सिंग यांचा पेनल्टी कॉर्नरचा फटका पाकिस्तानच्या मुनीर दार यांच्या पायाने अडला. पंचाने शिट्टी वाजवली, पेनल्टी स्ट्रोक दिला. मोहिंदर लाल यांनी गोल केला. झाली आघाडी. पण मॅच संपायला वेळ होता आणि पाकिस्तान सारखं चाल करून येत होतं. ती एका गोलची आघाडी शेवटच्या शिट्टीपर्यंत टिकली, कारण मागे शंकर होते. दुसरं सुवर्ण! मधलं रोमचं रौप्य धरून तीन ऑलिम्पिक पदकं.

त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार मिळाला. १९६६ च्या बँकॉक एशियाडला तर गोलकीपर असून ते कॅप्टन होते. भारताने एशियाडमधलं हॉकीचं पहिलं सुवर्ण तिथे जिंकलं. १९६७ मध्ये पद्मश्री. मग १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकच्या टीममध्ये त्यांचं नाव नव्हतं. ते फौजेत राहिले आणि १९७९ मध्ये कॅप्टन म्हणून निवृत्त झाले.

पुढचं सांगायला जड जातं. ते महूला परतले. म्हातारपणी पायाला गँगरीन झालं. त्यांच्या हलाखीच्या बातम्या पेपरात आल्या तेव्हा कित्येकांना हा माणूस अजून आहे हेच नव्याने कळलं. २९ एप्रिल २००६ ला महूतच ते गेले.

मंडळी, पदक मिळालं की आपण स्टेटस टाकतो, मिरवणूक काढतो. ते चुकीचं नाही. पण ज्याने गोल होऊ दिला नाही त्याचं नाव स्कोअरबोर्डवर येतच नाही, म्हणून ते आपल्यालाच लक्षात ठेवावं लागतं. पुढच्या वेळी हॉकीची मॅच बघाल तेव्हा १-० मधल्या त्या शून्याकडे पण बघा. ते शून्य कोणीतरी अंगावर बॉल घेऊन कमावलेलं असतं.